सलोत्रीअप्पा आणि चेनीच्या दोन कड्या

सलोत्रीअप्पांनी माझ्या हातचा पेढा पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा त्यातला अर्धा आधी मला खायला लावला होता.

बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. शेजारच्या खोलीत कोण राहतं ते माहीत नव्हतं, पण ओळख करून घ्यावी म्हणून उदगीरहून येताना आईनं बांधून दिलेले पेढे घेऊन मी दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं. आत एक उंच, वाळका माणूस उभा होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात खाकी कोट, आणि मी पेढे नव्हे तर समन्स घेऊन आलोय अशी नजर. त्यांनी पेढा घेतला, उलटा करून पाहिला, हुंगला, मोडला आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.

“खा.”

मी खाल्ला. मी गिळेपर्यंत ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, आणि गिळल्यावरही थोडा वेळ बघत राहिले. मग उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकून आतल्या बाजूला म्हणाले, “सिद्धव्वा, नवा मास्तर हाय. बरा दिसायलाय. पानी आन.”

सिद्धव्वा म्हणजे त्यांची बायको. तांब्या देताना ती मला हळूच म्हणाली, “मनावर घिऊ नका मास्तर. लग्नात माझ्या बानं ह्यास्नी आंगठी घातली, तर मांडवातच दगडावर घासून बगायलते.”

“मग?” अप्पा म्हणाले. “पितळ न्हाई हे कळलं का न्हाई?”

त्यांचं नाव बसलिंगप्पा. मूळचे आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचे. इथं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात सलोत्री होते, म्हणजे ढोरांचे डॉक्टर. अगदी शिकलेले डॉक्टर नव्हेत, पण हुलसूरच्या गाईम्हशींना तो फरक ठाऊक नव्हता. घरी कानडी, रानात मराठी आणि वरच्या साहेबांशी उर्दू, अशा तीन भाषा ते बोलत आणि तिन्हींत सारखेच संशयी होते.

मी पडलो अगदी उलटा. कुणी काही सांगितलं की माझी मान आपोआप हलते. आयुष्यात मी फसलो ते बहुतेक या मानेमुळंच. अप्पांची मान कधी हलत नसे. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले होते. पहिला, “कोन सांगितलं?” दुसरा, “सोता बगितलास का?” या दोन प्रश्नांपुढं हुलसुरातली एकही बातमी उभी राहत नसे. एकदा पंधरा ऑगस्टला मी त्यांना शाळेत बोलावलं. एका पोरानं पृथ्वी गोल आहे असं छान पाठ म्हणून दाखवलं. अप्पांनी त्याला जवळ बोलावून शांतपणे विचारलं, “सोता बगितलास का?” पोरांना ते फारच आवडलं. पुढं महिनाभर मला वर्गात धड भूगोल शिकवता आला नाही.

आणि त्या दिवसांत बातम्यांना तोटा नव्हता. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी कोण कुणाकडून होता, कुणाच्या पेवात काय पुरलंय, कुणाकडं आलेला पाहुणा खरा पाहुणा नाही. चार माणसं बोलत बसलेली असली आणि पाचवा आला की विषय एकदम पावसापाण्याचा निघायचा. सगळं गाव एकमेकांवर संशय घ्यायचं, पण आपापल्या सोयीनं. ज्याच्या जागेवर डोळा, त्याच्यावर जरा जास्त. अप्पांचं तसं नव्हतं. देवळातल्या प्रसादापासून तहसीलदाराच्या सहीपर्यंत त्यांचा संशय सगळ्यांना सारखा वाटलेला होता. निजामाचा हाली रुपया ते दगडावर वाजवून घेत, आणि नव्या सरकारचा कलदारही वाजवूनच घेत.

या स्वभावाचा त्यांना धंद्यात फायदा व्हायचा. “जनावर खोटं बोलत न्हाई,” ते म्हणत, “बोलतंय ते मालक.” म्हणून आजारी जनावर आलं की ते आधी मालकाला तपासायचे. एकदा एकजण लंगडणारा बैल घेऊन आला आणि बैल चिखलात घसरला म्हणाला. अप्पांनी बैलाच्या पायाकडं बघितलंच नाही.

“हातातली काठी त्या हातात घे,” ते मालकाला म्हणाले.

त्यानं घेतली. बैलानं मान झटकून अंग चोरलं.

“आता परत ह्या हातात.”

बैल पुन्हा आकसला.

“चिखलाला बैल एवढा भेत न्हाई,” अप्पा म्हणाले. मालक खाली बघायला लागला. मग अप्पांनी पाय शेकला, औषध लावलं, पट्टी बांधली आणि काठी ठेवून घेतली. दवाखान्याच्या कोपऱ्यात अशा बऱ्याच काठ्या गोळा झाल्या होत्या. पावसाळ्यात शिपाई त्या चुलीला घालायचा.

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. काम करणाऱ्या माणसाकडं ते कधी पाठ करून बसत नसत. शिंपी असो, सोनार असो, गवंडी असो, अप्पा त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि त्याच्या हातांकडं बघत राहत. “पाठ फिरली की हात फिरतेत,” म्हणायचे. न्हाव्याकडं पाठ करण्यावाचून इलाज नसतो, तर तिथं ते हातात आरसा धरून मागचं बघत. हुलसूरचा न्हावी म्हणायचा, एका सलोत्र्याची हजामत करण्यापेक्षा दहा लग्नांतली हजामत परवडली.

या सगळ्या संशयाचं मुख्य ठाणं म्हणजे त्यांची सायकल. काळी, जडशीळ, मागं औषधाची पेटी बांधलेली. ती रात्री घरात खाटेच्या पायाला कुलपानं बांधलेली असे आणि किल्ली अप्पांच्या करदोट्याला. खेड्यापाड्यांतून हिंडायचं तर सायकलीवाचून चालत नव्हतं, आणि सायकल म्हटलं की तिला दुसऱ्याचा हात लागणार, हे त्यांचं कायमचं दुखणं होतं.

तो दुसऱ्याचा हात चाँदसाबचा होता. गावात सायकली दुरुस्त करणारा तो एकटाच. मोटारीच्या थांब्याजवळ लिंबाखाली त्याचं पत्र्याचं दुकान होतं. ॲक्शनच्या धामधुमीत तो बायकापोरं घेऊन हैदराबादकडं नातेवाइकांत गेला होता, आणि बऱ्याच दिवसांनी परत आला तेव्हा दुकानातली हत्यारं जागेवर नव्हती. त्यानं एकेक पाना पुन्हा जमवला. सायकली सगळेच त्याच्याकडं आणत, पण कुणी टेकत मात्र नसे. पंक्चर निघालं की लोक लगेच निघायचे. बसायचे ते एकटे अप्पा, आणि तेही नजर ठेवायला.

चेन ढिली पडली की मागचं चाक सांगाड्याच्या खाचेत जरा मागं ओढतात. ओढता ओढता खाच संपली की चेनीतून कड्या काढाव्या लागतात. अप्पांच्या सायकलीची खाच संपली तेव्हा चाँदसाबनं पिन ठोकून दोन कड्या काढल्या आणि चेन पुन्हा जोडली. अप्पा समोर बसलेले होतेच.

“एक कडी जास्ती व्हती. दोन कामून काढलास?”

“एक नै निकलती साब. ये देखो, एक कडी अंदर की, एक बाहर की. एकच निकाले तो अंदर को अंदर मिलती. जुडती कैसी?”

अप्पांनी भंगारातल्या दोन आतल्या कड्या एकमेकींना भिडवून पाहिल्या. जमेना. “बरं,” ते म्हणाले, पण तपास बंद झाल्याचं ते ‘बरं’ नव्हतं. “आता हे सांग. चेन नवी व्हती तवा चाक खाचेत पुढं व्हतं. आता तू दोन कड्या काढलास. चेन आखूड व्हायला पायजे का न्हाई? तरी चाक परत त्याच जागी! मग ह्या दोन कड्या आल्या कुठनं?”

“आते कां से साब? पहलेसेच थे. चेन बढती. घिस घिस के कडी कडी जरा जरा बढती.”

“लोखंड वाढतंय?”

“हौ साब.”

“कोन सांगितलं? वाढताना सोता बगितलास का?”

चाँदसाबनं हातोडी खाली ठेवली. लोखंड वाढताना कुणी बघितलंय? अप्पांनी ती कड्यांची जोडी रुमालानं पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली. तेव्हापासून कुणीही भेटो, ते खिशातून जोडी काढून दाखवत. “बग. चाँदसाब म्हनतोय लोखंड वाढतंय. वांगं हाय का ते?” लोक हसत. काही जण जरुरीपेक्षा जास्त हसत. होता होता, चाँदसाबनं सलोत्र्याच्या चेनीच्या कड्या खाल्ल्या, असं गावात सुरू झालं. अप्पा असं म्हणाले नव्हते. त्यांचा तो तपास चालू होता. गावानं मात्र निकाल लावून टाकला होता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

पुढं ती चेन पारच गेली. दात सोडून उडायला लागली. चाँदसाबनं नवी चेन आणली, आणि तिची लांबी ठरवायची वेळ आली. त्याची रीत साधी होती. मागचं चाक खाचेत पुढं घ्यायचं, नवी चेन पायडलाजवळच्या मोठ्या दातेरी चाकावरून आणि मागच्या लहान चाकावरून फिरवायची, टोकं भेटतील तिथं जोडायची. मधोमध बोटानं उचलली तर अर्धं बोट हलली पाहिजे, बस्स. अप्पांना ही रीत पसंत पडली नाही, कारण टोकं कुठं भेटवायची ते चाँदसाबच्या हातात राहत होतं.

“तसं न्हाई. जुनी चेन खाली ठिव. नवी तिच्या बाजूला ठिव. तिच्याएवढी घे. तसूभर कमी न्हाई.”

“साब, जुनी बढेली है. उसके माप से लिये तो—”

“परत वाढली! माझ्यासमोर माप.”

चाँदसाबनं हात जोडले आणि सांगितलं तसं केलं. चेन चढली, पण चाक पहिल्याच दिवशी खाचेच्या पार मागच्या टोकाला गेलं. अप्पांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण ते चाँदसाबच्या हातांकडं बघत होते, चाकाकडं नव्हे. जुनी चेन फेकायला निघालेल्या चाँदसाबला त्यांनी थांबवलं.

“टाकायची न्हाई. हितंच खिळ्याला लटकू दे. अजून मिटलं न्हाई आपलं.”

“घर को ले जाव ना साब.”

“घरी नेलो तर उद्या तू म्हनशील, सलोत्र्यानं चेन बदलली. हितंच ऱ्हाऊ दे. तुझ्याबी समोर, माझ्याबी समोर.”

अशी ती जुनी चेन दुकानातल्या खिळ्यावर राहिली.

नवी चेन चार दिवस चालली की थोडी लांबतेच. ही पण लांबली, आणि ओढायला खाच उरलेली नव्हती. भालकीच्या रस्त्याला उतारावर चेन सुटून चाकात अडकली आणि अप्पा औषधाच्या पेटीसकट तोंडावर पडले. मी बघायला गेलो तर हनुवटीला त्यांनी बैलाची पट्टी स्वतःच बांधून घेतली होती.

“मास्तर,” ते पट्टीतून म्हणाले, “ह्याच्यात चाँदसाबचा हात हाय.”

“पण अप्पा, माप तर तुम्हीच सांगितलं होतं.”

“तेच तर! म्या सांगितलो, आन त्यानं ऐकलं. कामून ऐकलं?”

सिद्धव्वा चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. बरं वाटल्यावर अप्पा काही न बोलता सायकल घेऊन लिंबाखाली गेले. चाक पुढं घेऊन, टोकं भेटवून, वाजवीपेक्षा जास्त असलेली जोडी काढून त्यांनी चेन चाँदसाबच्या रीतीनं बसवून घेतली. अर्धं बोट हलते का ते स्वतःच्या बोटानं बघितलं. या खेपेला निघालेली जोडी मात्र त्यांनी खिशात टाकली नाही.

मलशेट्टी हा गावातला आडत्या. मोटारीच्या थांब्यावर, लिंबाखालच्या त्या जागेत हॉटेल टाकायचं त्याच्या मनात होतं. ही बातमी मात्र खरी, कारण त्यानं ती मला स्वतः सांगितली होती. दिवाळीला त्यानं मुलाला आणि पुतण्याला हैदराबादेहून अगदी सारख्या दोन सायकली आणून दिल्या होत्या. त्यातली मुलाची सायकल भर बाजारातून गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी मी आणि अप्पा दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात मलशेट्टीचा माणूस पळत आला.

“सलोत्रीअप्पा, चला. सावकार बलवायलेत. चाँदसाब घावलाय. तुमची साक्ष पायजे.”

“कसली साक्ष?”

“त्यो चोर हाय म्हून. आता दुकान उचलायलेत त्याचं. मग भालकीला पोलिसात नेनार.”

चाँदसाबसारखा माणूस त्या दिवसांत एकदा गावातून उचलला गेला की खरंखोटं मागाहून ठरायचं, आणि तोवर त्याची जागा त्याची राहायची नाही. एकदा सगळं गेलेलं असताना तो परत आला होता. दुसऱ्यांदा त्यानं कशाच्या जोरावर यायचं?

लिंबाखाली ही गर्दी. हत्यारांची पेटी रस्त्यावर आणून ठेवलेली. चाँदसाब उकिडवा बसला होता, आणि त्याची बायको दुकानाच्या पत्र्याला धरून उभी होती. मलशेट्टीनं दोन चेनी एकाच खिळ्याला लटकवल्या होत्या.

“बगा सलोत्री,” तो म्हणाला. “ही माझ्या पुतन्याच्या सायकलची, आत्ता काढून आनलो. आन ही ह्याच्या खिळ्यावर घावली. दोन्ही सोबत लावलो तर केसाचा फरक न्हाई! पोराची सायकल फोडून इकलाय ह्यो. चेन तेवढी ऱ्हायली.”

खरंच दोन्ही चेनींची खालची टोकं अगदी बरोबरीनं लोंबत होती. बघणाऱ्याला पुरावा पुरेसा होता.

“मैं बोला साब,” चाँदसाब म्हणाला, “ये सलोत्रीसाब की चेन है बोलके. कोई सुनतेच नै.”

“ह्यो कड्या खातोय हे तुमीच सांगायलता की गावभर,” मलशेट्टी अप्पांना म्हणाला. “आता सांगा सगळ्यांसमोर.”

सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी चेनींकडं बघितलं नाही. लंगड्या बैलाच्या मालकाकडं बघावं तसं ते मलशेट्टीच्या हातांकडं बघत होते.

“सायकल ह्यानं नेली, हे कोन सांगितलं?”

“सगळं गाव म्हनायलंय.”

“नेताना सोता बगितलास का?”

“बगायला कशाला पायजे? ही लांबी बगा की!”

“लांबी,” अप्पा म्हणाले आणि थांबले. त्यांचा हात हनुवटीवरच्या व्रणाकडं गेला. मग त्यांनी दोन्ही चेनी खिळ्यावरून काढल्या आणि खाली पोत्यावर शेजारी शेजारी मांडल्या. “मास्तर, ही जुनी तुमी मोजा. सावकार, पुतन्याची तू मोज. एकेक कडी. मोठ्यानं.”

आम्ही मोजायला लागलो. माझी चेन संपली. मलशेट्टी अजून मोजत होता. त्याच्या दोन कड्या जास्त भरल्या. त्यानं पुन्हा मोजली, तरी तेच. माझी चेन घेऊन मोजली, तरी तेच.

“लांबी सारखी आन कड्या दोन कमी,” अप्पा म्हणाले. “ही तुझ्या पोराची असंल तर ह्याच्यातल्या दोन कड्या कुठं गेल्या?”

“ह्यानं काढल्या असत्याल!”

“काढल्यावर आखूड व्हायला पायजे. झाली न्हाई. कामून?”

याच जागेवर बसून अप्पांनी हाच प्रश्न चाँदसाबला विचारला होता. उत्तर चाँदसाबजवळ होतं, पण त्या दिवशी त्याच्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं. ते उत्तर आता अप्पांनाच द्यायचं होतं, आणि वर्षानुवर्षं गावभर ज्याची टिंगल केली तेच द्यायचं होतं. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

“लोखंड वाढतंय,” ते म्हणाले.

गर्दीतून कुणीतरी हसलं. अप्पांनी तिकडं बघितलं तसं ते हसणं बंद झालं.

“वाढतंय म्हनलो ना. घासून घासून वाढतंय. जुन्या चेनीची कडी न् कडी वाढती, म्हून कड्या कमी असून बी ती नवीएवढी भरती. तुझी दिवाळीतली हाय. ही किती सालं मरमर मरलीया. लांबीवर माप घेऊन म्या भालकीच्या रस्त्याला तोंडावर पडलो, ते तर सगळ्यांनी बगितलंय?” त्यांनी दोन्ही चेनी एकेक करून आडव्या धरून दाखवल्या. नवी बऱ्यापैकी ताठ राहिली. जुनी म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखी मधे वाकली. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि ती जोडी बाहेर काढून जुन्या चेनीच्या टोकाशी ठेवली. तोच गंज, तशाच झिजलेल्या पिना, आणि कडीवर कारखान्याचा तोच छाप. मलशेट्टीच्या चेनीवरचा छाप वेगळा होता. इतका वेळ तो कुणी बघितलाच नव्हता. “ह्या दोन कड्या माझ्यासमोर काढलेल्या हायत. चेन माझी हाय.”

“मग माझी सायकल कुठं गेली?” मलशेट्टी म्हणाला.

“ते म्या कसं सांगू? म्या बगितलो न्हाई.”

गर्दी हळूहळू बाजाराकडं पांगली. मलशेट्टी पुतण्याची चेन गुंडाळून घेऊन गेला. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच पोत्यावर बसलो. चाँदसाबचे डोळे भरून आले होते. त्यानं अप्पांचे दोन्ही हात धरले.

“साब, तुम मेरे पो भरोसा किये...”

“कोन सांगितलं?” अप्पा भडकले. “भरोसा बिरोसा न्हाई केलो. तुझ्यावर संशय हायच. पन त्या लोकांवर जास्ती हाय.” असं म्हणून त्यांनी हात सोडवून घेतले, रस्त्यावरची हत्यारांची पेटी उचलून दुकानात नेऊन ठेवली आणि तिथूनच ओरडले, “सगळे पाने हायत का बग. आत्ताच बग.”

जुनी चेन परत खिळ्यावर गेली आणि जोडी परत खिशात. सायकल कुणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. अप्पांचा संशय कुणावर होता ते त्यांनी मला सांगितलं होतं, पण मी ते इथं लिहीत नाही, कारण मी स्वतः काही बघितलेलं नाही.

त्यानंतर अप्पा दवाखाना सुटला की रोजच लिंबाखाली जाऊन बसायला लागले. सायकलीला काही झालेलं नसलं तरी बसत. मी विचारलं तर म्हणाले, “नजर ठिवायला पायजे.” जनावरांचे मालक अप्पांना शोधत तिथंच यायचे आणि तिथंच टेकायचे. मलशेट्टीची माणसं एकदा जागेचं माप घ्यायला आली होती. अप्पांनी त्यांना नेहमीचे दोन प्रश्न विचारले. माप घ्यायचं राहून गेलं, आणि मी होतो तोवर तरी तिथं हॉटेल झालं नाही.

छप्पन्न साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि बीदर जिल्हा फुटला. उदगीर मराठी बाजूला गेलं, हुलसूर कानडी बाजूला राहिलं. मला माझ्या गावाकडची शाळा मिळाली. अप्पांना ही वाटणी अजिबात पटली नव्हती. “रेघ कोन मारलं?” त्यांनी मला विचारलं. “मारताना सोता बगितलास का?” निघायच्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी एक पेढा काढला, मोडला, अर्धा आधी स्वतः खाल्ला, मला दिसेल असा गिळला आणि मग उरलेला अर्धा माझ्यापुढं केला.

“अहो अप्पा, तुमच्यावर माझा विश्वास आहे,” मी म्हणालो.

“कामून?” ते म्हणाले.

पेढा कसाबसा गिळून मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी पाय जरा मागं घेतले.

थांब्यावर मी मोटारीत बसलो आणि खिडकीतून लिंबाकडं बघितलं. अप्पांची सायकल चाकं वर करून उलटी ठेवलेली होती. चाँदसाब खाली बसून तिची चेन सोडत होता, आणि त्याच्या शेजारी खोक्यावर अप्पांचा खाकी कोट दिसत होता. म्हटलं, बसले असतील नेहमीसारखे गुडघ्याला गुडघा लावून. मोटार सुरू झाली, झाडाला वळसा घालून निघाली, तेव्हा नीट दिसलं. चाँदसाबचे हात चेनीवर होते आणि अप्पा त्याच्याकडं पाठ करून बसले होते. तोंड रस्त्याकडं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडं, आमच्या मोटारीकडंसुद्धा, ते डोळे बारीक करून बघत होते.